बॉक्सिंग जजिंगचा दोन दिवसांचा वर्ग: नियम येतात, नजर येत नाही

बॉक्सिंगचं जजिंग शिकवणारे वर्ग वेगवेगळ्या नावांनी भरतात, पण त्यांचा साचा ठरलेला आहे. पहिल्या दिवशी नियमपुस्तिका, स्लाइड आणि गुणांची गणितं. दुसऱ्या दिवशी लढतींचे व्हिडिओ, त्यांवर चर्चा आणि शेवटी लेखी परीक्षा. पास झालात की प्रमाणपत्र. हे परीक्षण त्या साच्याचं आहे: त्यातला कोणता भाग फीची भरपाई करतो, कोणता नुसता वेळ खातो, आणि प्रमाणपत्र हातात असलेला माणूसही पहिल्याच प्रत्यक्ष लढतीत का गडबडतो. (मराठीत पंच म्हणजे निकाल देणाराही आणि ठोसाही. घोटाळा नको म्हणून इथे जज आणि ठोसा हेच शब्द ठेवले आहेत.)

पुस्तिका आणि फळा

पुस्तिका जाडजूड असली तरी जजच्या कामाचे नियम चार पानांत मावतात. व्यावसायिक लढतीत तीन जज असतात आणि प्रत्येक राउंडचा हिशोब स्वतंत्र. राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९ किंवा त्याहून कमी. एकदा खाली पाडलं तर साधारणपणे १०-८, दोनदा पाडलं तर १०-७. दोघांनी एकमेकांना एकेकदा पाडलं तर ती पाडापाडी एकमेकांत वळती होते आणि बाकीच्या राउंडवर निर्णय द्यायचा. कोणी पडलं नाही, पण एकाने दुसऱ्याला राउंडभर नुसतं झोडपलं, तरी १०-८ देता येतात. १०-१० नियमात बसतं, पण तसं वारंवार लिहिणाऱ्या जजला पुन्हा बोलावणं येत नाही. केसाएवढा फरक असला तरी तो शोधायचा, त्यासाठीच त्याला तिथे बसवलेलं असतं.

इथपर्यंत वर्गात सगळे माना डोलावतात. गाडी अडते ती रेफरीने गुण कापल्यावर. क्रम असा: आधी राउंड कोणाचा ते ठरवा, मग कापणी करा. लाल कोपऱ्यातल्या बॉक्सरने राउंड जिंकला आणि गुणही त्याचाच कापला गेला, तर ९-९. हरलेल्या निळ्या कोपऱ्यातल्याचा कापला गेला, तर १०-८. लालने निळ्याला पाडलं आणि त्याच राउंडमध्ये कमरेखाली मारल्याबद्दल लालचा गुण गेला, तर ९-८. ही तीन उदाहरणं दहा-दहा वेळा, घड्याळ लावून सोडवून घेणारा शिक्षक मिळाला तर पहिला दिवस सार्थकी लागला असं समजावं.

गुण कापायचा अधिकार फक्त रेफरीचा. कमरेखालचे ठोसे स्पष्ट दिसले आणि रेफरी गप्प राहिला, तरी जजने परस्पर गुण कापायचा नाही. पण तो ठोसा मारणाऱ्याच्या खात्यात जमाही करायचा नाही, आणि शिकवताना निसटतो तो हाच अर्धा भाग. पाडलं की पाय घसरला, हाही निर्णय रेफरीचाच. त्याने घसरला असं ठरवलं की जजच्या मताला तिथे किंमत नाही.

ऑलिंपिक पद्धतीला वेगळा वेळ द्यायलाच हवा. तिथे पाच जज आणि तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड. आकडे तेच, पण अर्थ निराळे: १०-९ म्हणजे अटीतटीचा राउंड, १०-८ म्हणजे स्पष्ट सरशी, १०-७ म्हणजे पूर्ण एकतर्फी. खाली पाडल्याबद्दल आपोआप जादा गुण मिळत नाही, तो एक चांगला ठोसा म्हणूनच धरायचा. दोन्ही पद्धती एकाच दुपारी उरकल्या की शिकणाऱ्याच्या डोक्यात त्यांची खिचडी होते. बारा राउंडांच्या लढतीत एखादा चुकीचा १०-८ पोटात मावतो, तीन राउंडांच्या लढतीत त्याने विजेताच बदलतो.

आता निकष. स्वच्छ ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव हे चार शब्द फळ्यावर चार सारख्या चौकोनांत लिहिले जातात, आणि शिकणारा ते सारख्या वजनाचे समजून घरी जातो. प्रत्यक्षात बहुतेक राउंड पहिल्या निकषावरच सुटतात. बाकीचे तीन पारडं कलवायला लागतात ते ठोसे तुल्यबळ असतील तेव्हा. आक्रमणाच्या मागे परिणामकारक हा शब्द उगाच लावलेला नाही: जो पुढे चालत जातो आणि वाटेत जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) खातो, तो आक्रमण करत नाही, मार खायला जवळ जातो. बचावाचंही तसंच. ठोसा हुकवण्याचा वेगळा गुण नसतो. हुकवला म्हणजे समोरच्याच्या खात्यात काही जमा झालं नाही, एवढंच. हुकवून लगेच परत मारला, की खातं उघडलं.

स्वच्छ ठोशाची व्याख्या मात्र शब्दन्‌शब्द पाठ हवी. बंद मुठीच्या सांध्यांकडचा भाग, चेहऱ्याच्या किंवा धडाच्या समोर अथवा बाजूला, पट्ट्याच्या वर, वाटेत हात किंवा ग्लोव्ह न येता, आणि मागे अंगाचं वजन. उघड्या ग्लोव्हची चापट, ग्लोव्हच्या आतल्या बाजूचा फटका, मानेमागचा ठोसा यांतलं काहीच धरायचं नाही. पुस्तक देऊ शकतं ते इथपर्यंत, आणि तेवढं ते चोख देतं.

व्हिडिओचा दिवस

सगळ्यात जास्त अपेक्षा याच भागाकडून असते आणि तो सगळ्यात जास्त निराश करतो. कारण सोपं आहे: कॅमेरा जिथे असतो तिथे जज कधीच बसत नाही. मुख्य कॅमेरा वरून, दोरांच्या पलीकडून, दोघांना बाजूने दाखवतो. एका कोनातून दिसेना झालं की दुसरा कॅमेरा येतो. मग रिप्ले. वर समालोचक काय दिसलं तेही सांगतो. अशा मदतीने राउंड सोडवायची सवय लागलेल्या माणसाला रिंगलगतच्या जजच्या स्टुलावर बसवलं, की एखाद्याची काठी काढून घेतल्यासारखं होतं.

त्यात वाईट सवय म्हणजे राउंडच्या मधेच व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन, "हा लागला की नाही?" असं विचारणं. ठोसा म्हणजे काय ते समजावायला पहिल्या तासात हे ठीक आहे. नंतर नाही. जजचं काम तीन मिनिटं सलग पाहून एकच निर्णय देण्याचं आहे, सुट्या ठोशांवर मतदान करण्याचं नाही. चांगला शिक्षक आवाज बंद करतो, घंटा होईपर्यंत काही बोलत नाही, प्रत्येकाचा गुणांचा कागद गोळा करतो, आणि चर्चा त्यानंतर. कागद घेण्याआधी चर्चा झाली की वर्गातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस सगळ्यांचा निकाल ठरवतो.

लेखी परीक्षेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चार पर्यायांतून व्याख्या ओळखता येते की नाही, एवढं ती तपासते.

स्टुलावरून काय दिसतं

रिंगचा मंच जमिनीपासून तीन-चार फूट उंच असतो. जज त्याला खेटून उंच स्टुलावर बसतो, तरी डोळे दोरांच्या रेषेतच येतात. म्हणजे दृश्य खालून, दोरांच्या फटींतून आणि एकाच बाजूने. बॉक्सर पाठमोरा झाला की त्याच्या छातीसमोर काय चाललं आहे ते गायब. मधून रेफरी जातो, कोपऱ्यावर खांब आणि गादी, शेजारी कॅमेरा घेऊन उभा माणूस. तीन जज तीन बाजूंना बसवतात ते याच कारणाने, आणि तिघांचे कागद काही राउंडांत जुळत नाहीत तेही पुष्कळदा याच कारणाने.

१९९९ च्या मार्चमध्ये लेनॉक्स लुईस आणि इव्हांडर होलीफिल्ड यांची पहिली लढत बरोबरीत सोडवली गेली. सगळ्या राउंडांची बेरीज करून एक कागद ११६-११३ लुईसकडे, एक ११५-११३ होलीफिल्डकडे, तिसरा ११५-११५. ठोसे मोजणाऱ्यांच्या हिशोबाने लुईसचे ३४८ लागले होते आणि होलीफिल्डचे १३०. पाचव्या राउंडमध्ये लुईसने होलीफिल्डला दोरांवर धरून बडवलं होतं, तरी एका कागदावर तो राउंड होलीफिल्डचा होता. त्या जजने नंतर टीव्हीवर पाहिल्यावर सांगितलं की आपल्या जागेवरून असं दिसलं नव्हतं. हे कारण पटो न पटो, जागेचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर वर्गात जेमतेम एक स्लाइड असते.

ठोसा दिसला नाही तर त्याच्या खुणा वाचाव्या लागतात, आणि खुणा फसव्या असतात. सगळ्यात फसवा आवाज. ग्लोव्हवर ग्लोव्ह किंवा कोपराजवळच्या हातावर बसलेला ठोसा फटाक्यासारखा वाजतो. बरगड्यांखाली खोल रुतलेला हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, धप्प एवढाच येतो. मान मागे जाणं ही दुसरी खूण. ठोशाने मान झटकली जाते आणि कसलेला बॉक्सर ठोशाबरोबर मुद्दाम मानही वळवतो, दोन्ही लांबून सारखंच दिसतं. फरक पायांत असतो: मान गेली पण पाय जागेवर आणि हात लगेच परत आले, तर ठोसा बराचसा वाया गेला. गुडघा मोडला, पाऊल आडवं पडलं, किंवा पुढच्याच क्षणी त्याने मिठी मारली, तर लागला. घामाचे तुषार आणि लांब ओले केस साध्या ठोशालाही नाट्यमय करतात. प्रेक्षक त्याला हमखास भुलतात, नवा जजही.

पोटावरच्या ठोशांची खरी खूण उशिरा येते. कोपरं हळूहळू खाली येतात, तोंड उघडं पडतं, पुढच्या राउंडमध्ये पावलं जड होतात. ज्या राउंडमध्ये ते ठोसे बसले तो राउंड त्या वेळीच मारणाऱ्याला द्यायचा असतो. परिणाम दिसल्यावर पुढच्या राउंडमध्ये भरपाई करणं ही चूक आहे. याचंच मोठं भावंड म्हणजे "मागचा राउंड जरा चुकला, आता हा दुसऱ्याला देऊ". एका चुकीच्या दोन होतात. व्यावसायिक लढतीत प्रत्येक राउंडनंतर चिठ्ठी गोळा केली जाते ती त्यासाठीही: गेलेला राउंड गेला.

उजव्या आणि डाव्या ठेवणीचे बॉक्सर (एकाचा डावा हात पुढे, दुसऱ्याचा उजवा) समोरासमोर आले की दोघांचे पुढचे हात एकमेकांत गुंततात. अशा वेळी जॅब निम्म्याहून जास्त वेळा समोरच्या ग्लोव्हवरच संपतो, पण बाजूने पाहणाऱ्याला तो चेहऱ्यावर पोचल्यासारखा वाटतो. त्या लढतींत लक्ष मागच्या हाताकडे ठेवावं. जवळच्या झटापटीत उलट: खांद्यांआड लपलेले आखूड अपरकट (खालून वर मारलेले ठोसे) पाठीमागून दिसतच नाहीत, तेव्हा ते घेणाऱ्याची हनुवटी आणि टाचा पाहाव्यात.

नजर कुठे ठेवायची, हे पुस्तकात एका वाक्यात उरकलेलं असतं. कामाची रीत अशी: एका बॉक्सरच्या मागे नजर पळवू नका, दोघांच्या छातींच्या मधल्या जागेवर स्थिर ठेवा आणि ठोशांना तिथे येऊ द्या. नावाजलेल्या बॉक्सरच्या मागे नजर लागली की त्याचे हुकलेले ठोसेही पराक्रम वाटायला लागतात आणि समोरच्याने मारलेले दिसतच नाहीत. घंटा होईपर्यंत कागदाकडे पाहायचं नाही. तीन मिनिटांचे मनात तीन तुकडे करा आणि प्रत्येक मिनिटाअखेरीला कोण पुढे ते एका बोटाने मांडीवर दाबून ठेवा: डावं बोट निळा, उजवं लाल. दिसायला पोरकट, पण शेवटच्या अर्ध्या मिनिटाने फसण्यावर याच्याइतका स्वस्त उपाय नाही.

कारण बॉक्सरना ती फसगत ठाऊक असते. १९८७ साली लास व्हेगासमध्ये शुगर रे लेनर्डने मार्व्हिन हॅगलरविरुद्ध राउंडच्या शेवटच्या तीस सेकंदांत ठोशांची सर आणण्याचा डाव ठरवूनच ठेवला होता. दोन कागद लेनर्डचे, ११८-११० आणि ११५-११३. तिसरा ११५-११३ हॅगलरचा. ती लढत खरी कोणाची यावर अजून वाद होतात. जजिंग शिकणाऱ्याने मात्र ती घड्याळ घेऊन पाहावी, प्रत्येक राउंड पहिली अडीच मिनिटं आणि शेवटचं अर्धं मिनिट असा तोडून, आणि दोन्ही भागांचे निकाल वेगवेगळे लिहावेत.

ग्लोव्ह घातलेल्यांचा गैरसमज

"पुस्तकं वाचून जज होता येत नाही, ज्याने मार खाल्ला त्यालाच कळतं," हे वाक्य अशा वर्गांत कोणीतरी म्हणतंच. अर्धं खरं आहे. माजी बॉक्सरला पोटातल्या ठोशाची किंमत कळते, दमलेला आणि दमल्याचं सोंग करणारा यांतला फरक कळतो, आणि ठोशासोबत वळलेली मान तो पटकन ओळखतो. पण त्याचं पारडं आधीच कललेलं असतं. स्वतः पुढे जाऊन लढलेला माणूस मागे सरकत गुण घेणाऱ्याला पळपुटा समजतो. आयुष्यभर जॅबवर जगलेला जवळच्या झटापटीला गोंधळ म्हणतो. शिवाय मनातल्या मनात तो स्वतः रिंगमध्ये उतरतो आणि "इथे डावा मारायला हवा होता" या विचारात पुढचे चार ठोसे निसटतात. ग्लोव्हचा अनुभव आणि स्टुलाचा अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला असेल तर उत्तम, पण दुसऱ्याची जागा तो घेत नाही.

यंत्राने मोजलं तर?

वर्गात हा प्रश्न निघतोच. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्स ज्युनियरचे ८६ ठोसे लागल्याची मोजणी होती आणि यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनचे ३२. निकाल ३-२ असा पार्ककडे गेला. त्यानंतर बटणांची पद्धत आली आणि १९९२ ते २०१२ या ऑलिंपिकमध्ये ती चालली: पाचपैकी तीन जजनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. कागदावर निर्दोष. रिंगमध्ये मात्र सलग चार ठोशांच्या मालिकेला बोटं पुरत नव्हती, पोटावरचे ठोसे नोंदले जाईनात, आणि बॉक्सरही शहाणे झाले: लांबून, एकेक, ठळक दिसणारा ठोसा डोक्यावर मारायचा आणि आघाडी मिळाली की पळायचं. २०१३ पासून पुन्हा दहा गुणांची पद्धत आली. मग २०१६ च्या रिओत निकालांवरून असा गदारोळ झाला की तिथल्या जजना पुढच्या ऑलिंपिकला बसू दिलं नाही. पद्धत बदलल्याने नजर सुधारत नाही, हे त्यातून दिसलं. आणि काही वेळा दोष नजरेचाही नसतो, हेतूचा असतो, त्यावर कुठल्याच वर्गात औषध नाही.

टीव्हीवर झळकणारे ठोशांचे आकडेही माणसंच काढतात. १९८५ पासून चालत आलेल्या कॉम्प्युबॉक्स या ठोसे मोजण्याच्या पद्धतीत दोन माणसं असतात, एकेक बॉक्सर वाटून घेतलेला. जॅब की जोरदार ठोसा, लागला की हुकला, अशी बटणं. सरावासाठी ही रीत छान आहे. निकालासाठी नाही, कारण हनुवटी हलवणारा ठोसा आणि नुसता पोचलेला ठोसा तिथे एकाच दराने विकले जातात. डिसेंबर २०२४ मध्ये हेवीवेट बॉक्सर उसिक आणि फ्युरी यांच्या दुसऱ्या लढतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग म्हणून वेगळा कागद ठेवला होता. त्याने ११८-११२ उसिकला दिले, तिन्ही जजनी ११६-११२. विजेता तोच, अंतर वेगळं. अशा सोप्या लढतीवरून यंत्राची परीक्षा होत नाही.

वर्गानंतरचा सराव

वर्गातून नियम उचला आणि नजर स्वतः घडवा. कोणाच्या तरी सरावसत्रात फोन रिंगच्या कडेला, दोरांच्या उंचीवर ठेवून चित्रण करा आणि आवाज बंद करून, न थांबवता, राउंड लिहा. प्रत्येक राउंडला चार गोष्टी: गुण, खात्री किती (स्पष्ट किंवा जेमतेम), कारण तीन-चार शब्दांत, आणि आपण कोणत्या बाजूला होतो. शंभर राउंड झाले की वही उघडा आणि मोजा: जेमतेम राउंडांपैकी किती पुढे चालणाऱ्याला दिले, किती लालला, किती उंच बॉक्सरला. कल तिथे उघडा पडतो. तीन आठवड्यांनी त्यातलेच वीस राउंड जुना कागद न पाहता पुन्हा लिहा. स्पष्ट म्हटलेले राउंड बदलले, तर नजर अजून कच्ची.

मग हौशी स्पर्धांत अधिकृत जजच्या मागे बसून सावलीसारखं जजिंग करा. आपला कागद निकाल जाहीर होण्याआधी कोणाच्या तरी हाती द्यायचा, नंतर नाही. तुलना राउंडवार करायची, बेरजेची नाही: ११५-११३ असे एकसारखे दोन कागद चार राउंडांवर भांडलेले असू शकतात.

बाकी चुका बावळट वाटतात आणि तरीही होतात. लाल-निळ्याचे रकाने उलटे भरणं ही त्यातली पहिली. पहिल्या घंटेआधी कागदावर रंग, नाव आणि चड्डीचा रंग लिहून घ्या आणि प्रत्येक राउंडला चिठ्ठी देण्यापूर्वी एकदा रिंगकडे बघून पडताळा. दोन पेनं. खाडाखोड करावी लागली तर नवीन चिठ्ठी मागा.

फी भरण्याआधी आयोजकांना विचारा: प्रत्यक्ष लढतीतले किती राउंड स्टुलावरून लिहायला मिळतील, कागद तपासून राउंडवार कोण बोलेल, आणि बसायची बाजू बदलून मिळेल का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर शून्य असेल तर तो वर्ग म्हणजे पुस्तिकेचं जाहीर वाचन. त्याला पाचपैकी दोन, तेही गुणकापणीच्या गणितांसाठी. वीसेक राउंड स्टुलावर आणि नंतर कोणी कागद घेऊन शेजारी बसणार असेल, तर चार. पाचवा तारा अशा वर्गासाठी राखून ठेवला आहे, जिथे एकच राउंड रिंगच्या तीन बाजूंनी चित्रित करून तीन गटांना वेगवेगळा दाखवतात आणि मग तिन्ही गटांचे कागद भिंतीवर शेजारी शेजारी लावतात.